गाडा गेल्यानंतरचा फोटो

वर्गाला सुरुवात करताना मी सगळ्यांना आधी मोबाइलच्या कॅमेऱ्याची काच पुसायला सांगतो. वाकडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर रविवारी सकाळी आमचा फोटोग्राफीचा वर्ग भरतो. समोर आयटीतली मंडळी असतात, दोन-तीन माझ्यासारखे निवृत्त, आणि नातवाने दिलेला फोन घेऊन आलेली एखादी आजी. "बोटाने पुसू नका," मी सांगतो, "धुतलेला सुती कपडा घ्या. दिवसभर खिशात, पर्समध्ये, पोळीच्या डब्याशेजारी राहून काचेवर तेलकट थर बसतो, आणि आपण म्हणतो फोन जुना झाला." मंडळी पुसतात. तीच खिडकी, तीच बाहेरची गुलमोहराची फांदी पुन्हा टिपतात आणि लहान मुलांसारखी एकमेकांना दाखवत सुटतात.

हे मला इंदूताईंनी शिकवलं. त्या पदराच्या टोकाने भिंग पुसायच्या, तेही आधी त्यावर हळूच श्वास सोडून. वर्गात मी जे जे सांगतो त्यातलं बहुतेक त्यांचंच आहे, आणि चाळीसेक वर्षं मी ते माझं म्हणून सांगत आलो. आता सत्तरी ओलांडली. जे जसं होतं तसं लिहून ठेवावं म्हणून बसलोय.

माझा स्टुडिओ काळेवाडीत होता. एका खोलीचे पडदा लावून केलेले दोन भाग. समोर पिठाची गिरणी. डार्करूममधल्या हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणाचा, आंबूस वास आणि गिरणीतल्या गरम ज्वारीच्या पिठाचा वास दारात एकमेकांना भेटायचे. आजही कुठे ताजं पीठ दळल्याचा वास आला की माझ्या डोळ्यांपुढे लाल दिवा लागतो. दुपारी उन्हाची तिरीप गिरणीच्या दारातून आत शिरायची आणि तिच्यात पीठ तरंगत राहायचं. इंदूताई म्हणायच्या, "उजेड कसा असतो ते आज दिसलं. येरवी त्यो नुसता पडतो."

त्या चाकणकडच्या एका गावच्या. वडिलांकडे शर्यतीचे बैल होते. इथे मामाकडे राहायच्या आणि माझ्याकडे निगेटिव्हचं रिटचिंग करायच्या. डेस्कच्या काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, आणि हातात सुईसारखं टोक काढलेली शिसपेन्सिल. गालावरचे वण, डोळ्यांखालची काळोखी अशी अलगद भरून काढायच्या की गिऱ्हाइकाला वाटे, आपण असेच देखणे आहोत. तीळ मात्र कधी पुसला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तीळ आईनं वळखायचा असतो."

आमची गिऱ्हाइकं म्हणजे कंपन्यांतले कामगार. सुट्टीच्या वारी केसांना तेल लावून, उसना कोट मागून यायचे. मराठवाड्यातून, कोकणातून नव्याने आलेले. गावाकडे फोटो पाठवायचा असायचा. स्टुलावर बसले की कवायतीला उभं केल्यासारखे ताठ. मी म्हणायचो, "हसा." मग तोंड असं वाकडं व्हायचं की आईने खरंच ओळखलं नसतं. तेव्हा पडद्याआडून इंदूताईंचा आवाज यायचा.

"जेवन कोण बनवतं वो तुमचं?"

"आमीच की ताई. खोलीवर चौघं हावोत."

"मंग भाकरी कुणाची गोल येती?"

"कुणाचीच न्हाई!" असं म्हणून तो माणूस जो हसायचा, तो फोटो.

वर्गात मी हेच सांगतो. कुणालाही हसा म्हणू नका. खाण्याबद्दल विचारा, गावाबद्दल विचारा, आणि उत्तर चालू असताना बोट तयार ठेवा. चेहऱ्याची एक बाजू दाराकडे करा, दुसऱ्या बाजूला काहीतरी पांढरं धरा. मी आता थर्माकोलचा तुकडा वापरतो, इंदूताई गिरणीवाल्याचं वाळत घातलेलं धोतर त्याला न विचारता ओढून आणायच्या. "अहो, धोतर कुठंय माझं?" असं तो दारात येऊन ओरडायचा आणि आत कुणाच्या तरी काळवंडलेल्या गालावर त्याच धोतराचा उजेड पडलेला असायचा. चहाची वाफ टिपायची तर उजेड वाफेच्या मागे हवा आणि त्यामागे काळोखी भिंत. मूल असेल तर मुलाच्या उंचीला बसा, वासरू असेल तर वासराच्या. इंदूताई ढोपरांवर अशा बसायच्या की तासभर उठायचं नाव नाही.

आणि एक गोष्ट त्या सारखी सांगायच्या, जिच्यावरून आमचं रोज वाजायचं. फोटो झाला, मी "झालं" म्हणालो, माणूस सैल झाला, की त्या म्हणायच्या, "आता अजून एक."

"फिल्म काय झाडाला लागते?" मी चिडायचो.

"झालं म्हटल्यावर मानूस आपल्या त्वांडात परत येतो, दादा. तवाचा काढा."

मी क्वचितच काढायचो. जे काढले, ते लोकांनी भिंतीवर लावले.

एका चैत्रात त्यांच्या गावच्या यात्रेचं काम आम्हाला मिळालं. बैलगाड्यांच्या शर्यतींचे फोटो. तिथे घाट म्हणजे गाडे पळवायचा मातीचा लांब चढ. खाली गाडा जुंपायचा, वर निशाण. चार बैल, त्यांच्यापुढे धावणारी एक घोडी, मागे रिकामा उडणारा गाडा, आणि घड्याळ हातात धरून श्वास रोखलेली माणसं. एक बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, सुरू झाली म्हणेपर्यंत संपलेली असते.

तो दिवस मी नाकाने आठवू शकतो. तापलेली माती, उधळलेल्या भंडाऱ्याची हळद, जिलबीची कढई, उसाच्या रसातलं आलं, बैलांच्या अंगाचा गरम वास. कर्ण्यातून एक जण गात असल्यासारखा ओरडत होता, "आली आली आली… भिर्रर्रर्र… झाली!" आणि डोंगराच्या उतारावर बसलेल्या हजार माणसांचे फेटे एकदम वर व्हायचे. बाया लांब झाडाखाली बसलेल्या. इंदूताई तेवढ्या घाटात, निशाणाच्या पुढे, दगडाच्या एका बुटक्या बांधामागे. कुणीतरी कुरकुरलं. त्यांचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणत, तिथल्या तिथे म्हणाले, "ह्या बैलांना तिनं पानी पाजलंय. तुमी काय पाजलं? बसू द्या तिला."

माझा नवा कॅमेरा माझ्या गळ्यात होता. स्टुडिओचा जुना कॅमेरा त्यांच्या मांडीवर. माझी फिल्म संपली की तो मला द्यायचा आणि माझ्या कॅमेऱ्यात काळ्या कापडाखाली नवी फिल्म भरायची, हे त्यांचं काम. सकाळभर मी प्रत्येक गाड्यामागे कॅमेरा फिरवत होतो. सगळं हललेलं येणार, हे मलाही कळत होतं.

"गाड्यामागं पळवू नका कॅमेरा," त्या म्हणाल्या. "त्यो पांढरा दगड दिसतोय का निशानाजवळ? त्याच्यावर नजर बसवा आन् गप ऱ्हावा. गाडा आपसूक येतो तिथं."

आणि थोड्या वेळाने, "गाडा अंगावर आल्यावानी वाटंल. हलू नका. उभ्या मानसाला बैल चुकवतो. पळत्याचा त्याला भरवसा येत न्हाई."

मग तात्यांची बारी आली. मी पांढऱ्या दगडावर नजर बसवली. खाली गाडा सुटला, घोडी सुसाट गेली, आणि भिंगात शिंगं, बैलांच्या डोळ्यांतला पांढरा भाग आणि मावळतीकडच्या उन्हात पेटलेली धूळ एकदम मोठी मोठी होत गेली. मी पळालो. तेही भलतीकडे, गाड्याच्या पुढून आडवा. पलीकडे कडब्याच्या ढिगात डोकं खुपसून पडलो, तेव्हा एका फेटेवाल्याने मला पायाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाला, "पाव्हणं, शर्यत बैलांची हाय."

घाट हसत होता. मीही हसलो. बांधामागे इंदूताई तशाच ढोपरांवर होत्या. जुना कॅमेरा डोळ्यांना लावलेला.

दुसऱ्या दिवशी लाल दिव्याखाली कागद पाण्यात हलवताना तो फोटो वर आला. चारही बैल पांढऱ्या दगडाशी, पुढच्या दोघांचे पाय मातीला लागलेलेच नाहीत, गाड्याची दोन्ही चाकं हवेत, कडेला घोडीच्या शेपटीचे चार केस, आणि मागच्या उन्हामुळे सगळी धूळ चांदीसारखी. असा फोटो मी तोवर काढला नव्हता. नंतरही काढला नाही.

त्याच्या पुढची फ्रेम मी छापली नाही. निगेटिव्ह उजेडासमोर धरून पाहिली. तिच्यात गाडा अर्धा निघून गेलेला होता आणि मधोमध मी होतो. तोंड उघडं, एक चप्पल पायात, दुसरी डोक्याच्या उंचीवर, आणि गळ्यातला नवा कॅमेरा उलटा होऊन पाठीवर. म्हणजे आधीचा फोटो कुणीही काढलेला असो, मी काढलेला नव्हता, हे त्या चिमुकल्या चौकटीत स्पष्ट दिसत होतं. मी ती पट्टी बटरपेपरमध्ये गुंडाळली आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवली.

पुण्याच्या एका दिवाळी अंकाला मी पहिला फोटो पाठवला. मागे छायाचित्रकाराचं नाव लिहायचं होतं. माझं लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

अंक आला तो मुखपृष्ठावर बैल घेऊनच. इंदूताईंनी तो पदराला हात पुसून हातात घेतला, बराच वेळ पाहिला. "ब्येस छापलाय," म्हणाल्या. मग विचारलं, "पुढला कुठाय?"

"कुठला?"

"म्या अजून एक काढला हुता की."

"त्याला उजेड लागला," मी म्हणालो. "गेला तो."

"व्हय का," म्हणून त्या पेन्सिलीला टोक काढायला बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचं लग्न झालं, त्या गावाकडे गेल्या. गिरणीवाल्याचं धोतर त्यानंतर दोरीवरच राहिलं.

त्या एका फोटोवर मी आयुष्य काढलं म्हटलं तरी चालेल. लोक लग्नाचं काम द्यायला यायचे ते "गाड्याचा फोटो काढणारे तुम्हीच ना?" असं विचारत. मी मान हलवायचो. कधी कधी नुसता हसायचो, आणि तेच नम्रपणा म्हणून खपायचं. सुखाचे दिवस होते, हे मी लपवणार नाही. पण दर यात्रेला, गावोगावचे कर्णे वाजायला लागले की बिस्किटांचा डबा आठवायचा. मधे काही वर्षं शर्यती बंद होत्या. खरं सांगतो, मला हायसं वाटलं होतं.

या फेब्रुवारीत वर्गात केतकी नावाच्या मुलीने तोच फोटो भिंतभर पडद्यावर लावला. ती कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते आणि प्रश्न नेमके विचारते.

"सर, अँगल इतका खाली आहे म्हणजे तुम्ही ढोपरांवर बसला होतात ना? आणि गाडा एवढा जवळ असताना हललाच नाहीत? कसं जमलं?"

"आठवत नाही आता," मी म्हणालो. सगळे कौतुकाने हसले. त्या कौतुकाने मला घरी जाईपर्यंत जड केलं.

त्याच आठवड्यात त्या गावच्या यात्रा कमिटीचा फोन आला. अध्यक्ष बाळासाहेब, म्हणजे इंदूताईंचा भाचा. "सर, घाटाला नवी कमान केलीय. तुमचा फोटो मोठा करून लावतोय, खाली तुमचं नाव. यात्रेला सत्कार. नाही म्हणायचं नाही राव. आत्यापण येणारे माहेरी."

मी हो म्हणालो आणि डबा काढला. जुनी फिल्म व्हिनेगरसारखी आंबट वासाची झाली होती, कडेने वळली होती, पण चौकटी शाबूत होत्या. पुढच्या रविवारी वर्ग सुटल्यावर केतकीला म्हणालो, "निगेटिव्हवरून फोटो कसा करायचा ते दाखवतो. लॅपटॉपचा पडदा पूर्ण पांढरा कर. पट्टी त्याच्यापासून चार बोटं वर धर, म्हणजे पडद्याचे ठिपके येत नाहीत. आता मोबाइलने टिप आणि काळ्याचं पांढरं कर."

तिने केलं. चित्र बोटांनी मोठं केलं.

"सर, हे तुम्ही?"

"मी."

"पण कॅमेरा तर तुमच्या पाठीवर आहे."

"हो."

"मग काढला कुणी?"

तिला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चप्पल भारी आलीय सर," आणि मग हळूच, "मी गाडी चालवते. आपण त्यांच्याकडे आधी जाऊ. सत्काराच्या आधी."

यात्रेच्या सकाळी निघालो. चाकणच्या रस्त्यावर नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, कांद्याचे टेम्पो, आणि त्यांच्या मधून भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल घेऊन चाललेला एक 'छोटा हत्ती' टेम्पो. केतकीने गाडी थांबवून मोबाइलची काच पुसली आणि त्यांचा फोटो घेतला. निघता निघता अजून एक.

इंदूताई भावाच्या घराच्या पडवीत पुरण वाटत बसल्या होत्या. गुळाचा आणि वेलदोड्याचा वास अंगणापर्यंत आला होता. केस पांढरे, पण बसायची ढब तीच.

"दादा? या की! क्यास कुठं ठिवून आला?"

मी हसलो नाही. पाटावर बसलो, पाकीट पुढे केलं आणि पाठ करून आलेलं सगळं एका दमात बोललो. फोटो तुमचा, नाव मी माझं लावलं, आज लोकांसमोर सांगणार आहे, माफ करा. त्या ऐकत होत्या. पुरण वाटायचं थांबलं नव्हतं.

"नावाचं मला ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "अंक बघितला तवाच. कॅमेरा तुमचा, नाव तुमचं, म्हनलं ऱ्हाऊ द्या. पाकिटात काय हाय?"

"पुढला फोटो."

वरवंटा थांबला. त्यांनी हात धुतले, पुसले, फोटो लांब धरला, आणखी लांब धरला. आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. "अगं बया! चप्पल बघा ह्यांची! ए पोरींनो, या गं, सर कसे पळाल्यात बघा!" घरातल्या बाया पिठाच्या हातांनी जमल्या. फोटो या हातातून त्या हातात गेला, प्रत्येक हाताबरोबर नवं हसू. माझ्या पळण्याने एवढा आनंद पडवीत भरलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मलाही हसू आवरेना.

फोटो परत त्यांच्याकडे आला तेव्हा त्या एकट्याच हसायच्या थांबल्या.

"उजेड लागला म्हनला हुता तुमी."

"खोटं बोललो होतो."

"फिल्म भरायचं काम माझं हुतं, दादा. मला वाटलं, माझ्याच हातनं कापड सरकलं. इतका चांगला फोटो म्या घालवला." त्यांनी पदराने फोटोवरचं पीठ पुसलं. "म्हनून परत कॅमेरा न्हाई धरला. ल्योक म्हनायचा, आई घे की फोन. म्या म्हनायची, नको, माझ्या हातनं बिघडतं."

मी पहिल्या फोटोची माफी मागायला गेलो होतो. दुसरा लपवून मी काय केलं, हे मला आजवर माहीतच नव्हतं. त्यांनी परातीतला पुरणाचा एक गोळा माझ्या हातावर ठेवला. "खावा. अन् आता हा कमानीत लावा."

बाळासाहेबाच्या तोंडचं पाणी पळालं. कमान सजली होती, पाहुणे निघाले होते. "आत्या, आता ऐन वेळेला…"

"पहिला काढू नको. दुसरा शेजारी लाव. एरंडेल प्यायल्यावानी काय त्वांड करतोस?"

केतकी गावातल्या फ्लेक्सवाल्याकडे जाऊन बसली आणि दुपारपर्यंत दोन्ही फोटो शेजारी शेजारी उभे राहिले. पहिल्याखाली माझ्या नावावर कागदाची पट्टी, तिच्यावर स्केचपेनने इंदूताईंचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. मी माइक घेऊन उभा राहिलो आणि दोन्ही फोटोंची हकिगत सांगितली. मग सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या फोटोकडे गेल्या. पुकारणाऱ्याने माझ्या हातातून माइक घेतला आणि गर्जला, "आली आली आली… एका चपलीवर… भिर्रर्रर्र… झाली!" हजार फेटे वर झाले. एवढ्या मोठ्या हशात मी कधी सापडलो नव्हतो, आणि एवढा हलकाही कधी झालो नव्हतो.

शाल इंदूताईंच्या खांद्यावर पडली. त्यांनी ती काढून माझ्या अंगावर टाकली, नारळ माझ्या हातात दिला आणि केतकीपुढे हात केला.

"दे गं तुजा फोन. कुठं दाबायचं?"

केतकीने दाखवलं. इंदूताईंनी काचेवर हळूच श्वास सोडला. पदराच्या टोकाने ती पुसली. मग, गुडघे कुरकुरत असतानाही, एका हाताने भाच्याला धरून त्या कमानीखालच्या मातीत ढोपरांवर बसल्या. मी ताठ उभा राहिलो, पोट आत, नारळ छातीशी, स्टुलावरच्या त्या कामगारांसारखा.

"सकाळचं पुरन कसं झालं हुतं?" त्यांनी विचारलं.

"गोड," मी म्हणालो, आणि बटण वाजलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी श्वास सोडला. शाल घसरली, ती सावरायला गेलो तर नारळ हातातून सुटून घाटाच्या उतारावर गडगडत निघाला आणि मी त्याच्यामागे पळालो. मागे हसण्याचा गलका उठला. वळून पाहिलं. इंदूताई अजून उठल्या नव्हत्या. फोन डोळ्यांसमोर तसाच धरलेला होता.